कोमट पाणी

खोडद,
दि. २८ नोव्हेंबर २००३

चि. सौ. प्राचीस,

आत्याचे अनेक आशीर्वाद. सूरजरावांना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझं पत्र मिळालं. सातवा लागला की माहेरी येते म्हणतेस. इकडे कांद्याच्या लागणी चालू आहेत, थंडी पडू लागलीय. मोत्या म्हातारा झाला तरी गावाबाहेरच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीकडे जाणाऱ्या गाड्यांमागे धावतोच. डिंक आणून ठेवलाय. माझ्या जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून झाली. टाके वाकडे आलेत, हसू नकोस.

तब्येत विचारतेस. काय सांगू? तळपाय जळतात, बोटं बधिर होतात, कानात पिठाची गिरणी चालू असते, उभी राहिले की घर फिरतं. नारायणगावच्या डॉक्टरांनी पोट बघितलं, आळेफाट्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी मान, पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. ज्यानं त्यानं आपापला तुकडा बघितला आणि सगळे म्हणाले, "आजी, रिपोर्ट नॉर्मल आहेत." रिपोर्ट आहेत गं, मी नाही. शाळेत खरंच पोट दुखणारं पोर कुठलं आणि गृहपाठ न केलेलं कुठलं, हे मी तोंडावरून ओळखायचे. आता मलाच त्या लबाड पोरासारखं उभं राहावं लागतं. लाज वाटते.

शेजारच्या साळुबाई तर रोज सांगायच्या, "बाई, तुमाला काय बी झालं न्हाई. एकल्या ऱ्हाता, लई इचार करता."

गणपतीनंतर मंचरला एक तरुण डॉक्टर भेटला. सगळ्यांच्या गोळ्या पिशवीत भरून आणायला लावल्या आणि निम्म्या बंद केल्या. काही दिवस डोकं हलकं झालं. त्याच आनंदात मी डिंक आणला. मग सगळं परत आलं. तो म्हणाला, "आजी, तुम्ही खोटं सांगत नाही हे मला कळतं, पण याला नाव सापडत नाही. याच्यासोबतच दिवस काढायला शिकायचं." भला पोरगा. त्याच्यासमोर मी रडले.

आता मुद्द्याचं लिहिते. मघापासून टाळतेय.

साळुबाईंची सून बाळंत झाली. बाळाला न्हाऊ घालायला त्यांनी मला बोलावलं. तुझी आई गेल्यावर तुलाही पायांवर घेऊन मीच न्हाऊ घातलं होतं. तुझ्या बाळासाठी हात पुन्हा बसेल म्हणून हौसेनं गेले. पाटावर बसले, पाय लांब केले, बाळ पायांवर घेतलं. बादलीत बोटं बुडवली. कोमट लागलं. तांब्या भरून उचलला.

साळुबाई शेकासाठी निखारे घेऊन येत होत्या. वाफ बघून त्यांनी शेगडी टाकली आणि माझ्या हातातल्या तांब्यालाच फटका मारला. "बाई, कढत हाय की! पोर सोलून निघालं असतं!"

बाळाला थेंबही लागला नाही. माझ्या पावलाला फोड आले. ते मला संध्याकाळी दिसले, तेव्हा कळले.

तेव्हापासून 'काय बी झालं न्हाई' असं साळुबाई म्हणत नाहीत.

म्हणून सांगते प्राची, तू इकडे येऊ नकोस. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे मला कळत नाही का? तुझ्या सासूबाई विचारतील, आत्याला झालंय तरी काय? त्यांना सांगायला एक नावसुद्धा मी तुला देऊ शकत नाही. खूप वाईट वाटतं गं. तू पोटात बाळ घेऊन माझ्या दारात उतरणार, एवढ्या एका गोष्टीवर मी हे महिने काढले.

डिंक आणि दुपटी तिकडे येणाऱ्या आपल्या गावच्या सोपानबरोबर पाठवते. लाडू सासूबाईंकडून करून घे, चुलीजवळ आता मी फारशी जात नाही. दुपटी आधी धुऊन घे. टाके नीट बघ, एखादी सुई राहिली असली तर मला कळलेली नसेल.

आजवर प्रत्येक पत्राच्या शेवटी 'कधी येतेस?' असं लिहीत आले. या वेळी लिहीत नाही.

तुझी,
अंजनाआत्या