पायरीवरची सुमन

बुधवार, संध्याकाळ

इंटरनेटवर टाकते त्या माझ्या चित्रकथेत मासे विकणारी सुमन आणि मी, दोघींच्या गप्पा असतात. लोक म्हणतात, किती छान मैत्री. आज एका मुलीने खाली विचारलं, "सुमनताई प्रत्येक चित्रात पायरीवर आणि तुम्ही खुर्चीत. त्या कधीच आत का येत नाहीत?"

शाळेत शिकवताना वर्गात मुलांना सुनावायचे, तसंच तिला सुनावलं. आधी गाव पाहा, मग बोला. इथे मासळी पायरीवरच घेतात. वाचकांनी खाली टाळ्यांची चिन्हं टाकली. मलाही बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मग जुनी चित्रं चाळली. पायरी, पायरी. पावसातसुद्धा पायरीवरच, मासळीच्या पाटीवर प्लास्टिक ओढून. काढताना माझा हात एकदाही कसा थांबला नाही?

उन्हं उतरताना सुमन बांगडे घेऊन आली. म्हटलं, "आत ये गो, खुर्चेर बस."

ती हसली. "आज खंयचो सण, बाईनू? घरभर माशांचो वास येतलो, मगे तुमी लादी पुसत बसतलास."

येऊ दे वास, एवढंच म्हणायचं होतं. पण माझी नजर सोफ्याच्या धुतलेल्या खोळींकडे गेली. तिने ते पाहिलं. "बांगडे ताजे आसत," म्हणाली आणि पाटी उघडली.

मुलीला दिलेलं उत्तर पुसलं नाही. त्याच्याखालीच, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: तुझा प्रश्न बरोबर होता. सुमनला आज पहिल्यांदा आत बोलावलं. ती आली नाही, ते माझ्यामुळे.