जावयासाठी नेग्रोनी

सोलापूर,
२ मे १९७६

प्रिय महानंदा,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही दोघं येणार, पण उतरणार स्टेशनजवळच्या लॉजवर. पाओलोशी लग्न करून तू मिलानला गेलीस, तेव्हा अप्पा ‘या उंबऱ्याला पाय लावू नको’ म्हणाले होते. मीही त्यांना अडवलं नाही. तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. अजूनही ‘ती मिलानवाली’ म्हणतात.

पण गेले काही दिवस त्यांना घडीभर चैन नाही. जावई पहिल्यांदा येतो तेव्हा सासूला त्याच्या आवडीचं करावं लागतं, म्हणून मी पाओलोची आवड विचारली होती. तू थट्टेनं नेग्रोनी या तिकडच्या दारूच्या पेयाची कृती पाठवलीस. मी हसून सोडून दिलं. अप्पांनी सोडलं नाही.

त्यातल्या जिनला परमिट लागतं. गळ्यात लिंग असलेला, दारूला कधी न शिवलेला हा माणूस डॉक्टरांकडे जाऊन, प्रकृतीला मद्य आवश्यक आहे असा दाखला घेऊन आला. उरलेल्या दोन विलायती बाटल्या, कंपारी आणि तांबडी व्हर्मूथ, शेजारच्या शरणप्पांच्या जहाजावरच्या पुतण्यानं धाडल्या. आता पेठेत लोक त्यांना विचारतात, “काय सिद्धप्पा, सकाळीच का?” ते तसेच पुढे चालू लागतात. खरं कारण सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागेल.

सराव पाण्यावर चालतो. औषधाच्या पेलीनं तिन्ही सारखी मापायची, बर्फावर ओतायची, चमच्यानं सावकाश ढवळायची, वर संत्र्याची फोड. मे महिन्यात संत्रं कुठलं? मोसंबी चालेल का, हे मलाच पुन्हा पुन्हा विचारतात. मग येरझाऱ्या. काल एकदा खरं केलं. त्यांनी नुसता वास घेतला. मी बोट बुडवून चाखलं. किराइतासारखं कडू, मागून थोडं गोड. रागावतील वाटलं, तर म्हणाले, “असलं कडू पितो व्हय त्यो? मग माझं बोलणं काय लागणार त्याला!” आणि हसले.

लॉजचं मी त्यांना सांगितलेलं नाही. धीर झाला नाही. माडीवरची खोली त्यांनी स्वतः झाडली. स्टेशनवर येणार असं म्हणाले नाहीत, पण धोतर इस्त्रीला दिलंय. फलाटावर कदाचित बोलणार नाहीत, नुसती बॅग उचलतील. उचलू दे. त्यांच्यासमोर लॉजचा टांगा करू नकोस.

तुझीच,
अव्वा