लाडोबाला शेजार

४ मार्च

आज पुन्हा शून्य! लाडोबा फ्लास्कमध्ये कापसासारखा फुगलाय, औषधाचा मात्र थेंब नाही. लाडोबा म्हणजे माझी बुरशी. मातीतून आणला तेव्हा त्याने असं काही सोडलं होतं, की कुठल्याच औषधाला न जुमानणारा हॉस्पिटलमधला तो हट्टी जंतू जागीच थांबला. तेव्हापासून उत्तम साखर, हवी तेवढी ऊब — सगळं हातात. खातो आणि लोळतो!

प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत बघू, मग फ्रीझरमध्ये. म्हणजे काम बंद.

७ मार्च

घरी दुसरं मौन. बाबा गेल्यापासून आई नुसती खुर्चीत बसून असते. "हं" आणि "नको", एवढंच बोलते. मी तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही. चहा हातात, चादर पायावर. तरी दिवसेंदिवस मिटत चाललीय. भीती वाटते मला.

त्यात सासूबाई येताहेत, त्यांच्या घराचं छत दुरुस्त होईपर्यंत. दुष्काळात तेरावा महिना!

९ मार्च

आल्या. आल्या आल्या बाथरूमच्या भिंतीवरची बुरशी खरवडून काढली.

१० मार्च

जेवताना सासूबाईंनी सुनावलं — लोक बुरशी काढतात, तू पगार घेऊन वाढवतेस! मी म्हटलं, तुमची कोलेस्टेरॉलची गोळी आहे ना, त्या जातीचं पहिलं औषध बुरशीतच सापडलं. पेनिसिलिन तर सगळ्यांना ठाऊक आहे. बदललेली किडनी टिकवणाऱ्या औषधांतही बुरशीचा हात आहे. सासूबाईंनी गोळी उजेडात धरून पाहिली. असलं काही मी घेणार नाही, म्हणाल्या.

आणि खुर्चीतून आई —

"गिळा गुपचूप. इतकी वर्षं गिळलीत, तेव्हा काय झालं?"

आम्ही थिजलो. सासूबाई कुठल्या थिजायला! "अगोबाई, विहीणबाई, तुम्हाला बोलता येतं होय!" मग जी जुंपली! उशा कुठे वाळवाव्यात, दार किती उघडं ठेवावं... नवरा मध्ये पडायला निघाला, त्याला मी खाली बसवलं. आईचे गाल लाल झाले होते. किती छान दिसत होती!

११ मार्च

दात घासताना डोक्यात प्रकाश पडला. लाडोबाला वाढायला साखर पुरते. औषध बनवायचं ते भांडायला! मातीत शेजारी त्याच्या घासावर टपलेले असतात, म्हणून तो असलं जालीम काही बनवत असणार. माझ्या फ्लास्कमध्ये तो एकटा. कुणासाठी बनवेल?

साखर कमी केली. मातीतलाच एक आगाऊ जंतू त्याच्या शेजारी सोडला. त्या जंतूचं नाव मी काय ठेवलंय, हे घरी कळता कामा नये. मॅडमनी कपाळाला हात लावला. जन्मभर फ्लास्क निर्जंतुक ठेवायला शिकवलं त्यांनी, आणि मी हे असं! पण नाही म्हणाल्या नाहीत.

१९ मार्च

कडं!!

हट्टी जंतू वाढवलेल्या काचेच्या थाळीवर आमच्या फ्लास्कमधलं गाळलेलं पाणी टाकलं, तर भोवती स्वच्छ गोल कडं, तिथे जंतू वाढलाच नाही! लाडोबाच्या एकट्याच्या पाण्याने काही झालं नाही. शेजाऱ्याच्या एकट्याच्याही नाही. दोघं एकत्र राहिले तरच.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "पुन्हा करून दाखव."

२६ मार्च

पुन्हा आलं! फ्रीझर रद्द. याचं औषध व्हायला कैक वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. पण काम चालू राहणार!

धावत घरी आले, तर माझं ऐकायला कुणाला सवड नाही. पत्त्यांत लबाडी कुणी केली यावर दोघींचं वाजलं होतं. शेवटी मी चहा टाकला.

२८ मार्च

छत झालं. सासूबाई उद्या निघणार. आईला वाईट वाटेल म्हणून मी समजावत होते, येतील गं त्या पुन्हा.

"त्या कशाला येतील? मी चाललेय त्यांच्याबरोबर."

बॅगही भरलेली. मला विचारलं नाही, सांगितलं. रडूच आलं मला. आणि इतकं हायसं वाटलं, की परत कधी येणार ते विचारायचंही राहून गेलं.