मागच्या सीटचं वजन

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय बडबडे,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला जुमानत नाही. तू फोनवर विचारलंस, गाडी कुठली घेतली, आणि मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती. म्हणून हे पत्र.

इलेक्ट्रिक बाईक घेतली. आयुष्यातली पहिली. जाड टायरची, दणकट. बॅटरी काढून घरात आणता येते, त्यामुळे चार्जिंगची कटकट नाही. आवाज इतका कमी की पहिल्या दिवशी चालू आहे हे न कळून मी कुंपणावर गेलो. हस खुशाल. बाजार, औषधं, दळण, सगळं एका फेरीत होतं. आपल्याकडे येणारा रस्ता तुला माहीतच आहे. खालच्या वळणापर्यंत डांबर, पुढे पाऊण किलोमीटर खडी आणि चढ. चारचाकी वळणालाच थांबते.

गाडी तुझ्या आईसाठी घ्यायची होती. शुश्रूषागृहातल्या डॉक्टरांनी सप्टेंबरात सांगितलं होतं की दोन-तीन तास बाहेर न्यायला हरकत नाही, फार दिवस मात्र थांबू नका. तिला एकदा बाजारात जाऊन स्वतः भाजी निवडायची होती आणि मग घरी येऊन ओट्यापाशी बसायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

दुकानदाराने विचारलं, मागे बसणाऱ्याचं वजन किती? मी बासष्ट सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आपल्या दुकानात माझ्याच काट्यावर तिला गमतीने उभं केलं होतं, तेव्हाचा आकडा. चार दिवस बोलली नव्हती माझ्याशी. मी बरोबर बासष्ट किलो वाळू पोत्यात भरली, सीटला बांधली आणि तीन गाड्या आपल्या चढावर नेऊन पाहिल्या. हलकी गाडी दुसऱ्या वळणावर दमली. ती दुकानदाराकडे तयार होती, त्याच दिवशी मिळाली असती. मोठीला वीस दिवस लागणार होते. तू म्हणालीस, "बाबा, मिळतेय ती घ्या आणि आईला घेऊन जा." मी तुझ्यावर डाफरलो. चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याला तू वजन शिकवू नकोस, म्हणालो. चुकलो.

गेल्या मंगळवारी सिस्टरने आईला खुर्चीच्या काट्यावर बसवलं. एक्केचाळीस. मी आधी काट्यावरच संशय घेतला. तिला उठवल्यावर शून्य तपासलं, माझी पिशवी ठेवून पाहिली. काटा चोख होता. सिस्टर म्हणाली, महिनाभर त्रेचाळीसच्या वर गेल्याच नाहीत.

म्हणजे हलकी गाडी तिला सहज घेऊन चढली असती.

रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, असं मी सिस्टरला म्हणालो. ते खोटं होतं. मला कळत होतं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, त्या मीच काढून ठेवल्या. कुणाच्याही काट्यावर विश्वास न ठेवणारा मी, बायकोचं वजन तेवढं आठवणीतून सांगून मोकळा झालो. कमी आकडा तोंडातून काढायची माझी हिंमत नव्हती. माझ्या भित्रेपणाने तिचे वीस दिवस खाल्ले, बेटा.

गाडी शुक्रवारी आली. गुरुवारपासून आईला बसवत नाही. डॉक्टर म्हणाले, आता उशीसुद्धा उंच करू नका, हलवायचा विषयच सोडा. त्यांनी दिवस मोजून सांगितले नाहीत, मीही विचारले नाहीत. आता घरी एकटा बसतो आणि कशातच मन लागत नाही. दुकान उघडलेलं नाही.

ती रोज गाडीबद्दल विचारते. काल मी तिच्याकडे गाडीवरूनच गेलो, खिडकीखाली लावली आणि वर जाऊन सांगितलं की अजून आली नाही. तिने माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "घाई करू नका हो. चढाला चांगली हवी, नीट पारखूनच घ्या."

माझ्याच्याने तिला खरं सांगवणार नाही. तू ये. सुट्टी मिळो न मिळो, ये. खालच्या वळणावर तुला घ्यायला मी येईन, मागे बस.

तुझा,
बाबा