दातांच्या पाटीवरचं लॅटिन

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा यातली निम्मी अंगं मनातल्या मनात). डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं भाऊजींकडून कळलं. वाचायला बंदी आहे म्हणून तू घरादारावर चिडतेस, हेही कळलं. त्यावरून तब्येत सुधारतेय असं आम्ही धरून चाललोय. पत्र भाऊजी वाचून दाखवतील. (भाऊजी, हा कंस मोठ्याने वाचू नका. संध्याकाळ झाली की ती गप्प बसून असते, हे खरं का?)

तू जन्मभर लॅटिन शिकवलंस, मी जन्मभर पाट्या रंगवल्या. दोघांचंही लोक न वाचताच पुढे जातात, एवढंच काय ते साम्य. पण परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी दातांचा दवाखाना निघाला आणि डॉक्टरीणबाईंना पाटीवर नावाखाली ‘वेदनेविना’ हे लॅटिनमध्ये हवं झालं. मी छाती फुगवून म्हटलं, घरचंच काम आहे! घरचं माणूस डोळ्यांना पट्टी बांधून पडलेलं, हे नंतर आठवलं. मग तू मागे माझ्या कॉम्प्युटरवर घालून दिलेला तो लॅटिन कोश उघडला.

कोश कसला, नवी सासुरवाडच ती! एका शब्दाची चौकशी करावी, तर तो सगळ्या गोतावळ्याच्या घरी नेऊन बसवतो. ‘विना’ म्हणजे ‘सिने’, वेदना म्हणजे ‘दोलोर’, आणि ‘सिने’ला जोडलं की त्याचं ‘दोलोरे’ होतं, इथवर काम झालं होतं. पण खाली निळ्या अक्षरांत होतं, की हा शब्द अमक्या ग्रंथात अमक्या ओळीत आलाय. त्यावर बोट ठेवलं, तर अख्खा ग्रंथ उघडला. ग्रंथातल्या शब्दावर बोट ठेवलं, तर पुन्हा कोश. विहिरीत पडलेल्याला तळाशी दुसरी विहीर दिसावी, तशी गत. कुणाचा पाय दुखतोय, कुणाचा मुलगा गेलाय. दोन हजार वर्षांपूर्वीची दुखणी मी शेजाऱ्यासारखा ऐकत बसलो. तुझी भावजय दोनदा जेवायला हाक मारून गेली. तिसऱ्यांदा ताट झाकून म्हणाली, “लॅटिनमध्ये भूक लागत नाही वाटतं?”

संध्याकाळी उद्घाटन, आणि आखणीला वेळच उरला नाही. अंदाजाने, ऐटीत अक्षरं टाकत गेलो आणि ‘सिने दोलो’पाशी पाटी संपली. ‘रे’ला जागाच नाही! म्हटलं, शेपूट कोण बघतंय? तरी मनाच्या समाधानासाठी कोशाला विचारलं, बाबा रे, नुसत्या ‘सिने दोलो’ला काही अर्थ आहे का? तो तत्परतेने म्हणाला, आहे. ‘लबाडीविना’.

ताई, लपवावंसं फार वाटलं, पण त्या शब्दापुढे लपवणार कसं? बाईंना बाजूला घेऊन सांगून टाकलं. पाहुणे जमायला लागले होते. बाईंनी पाटीकडे बघून विचारलं,

“म्हणजे दुखेल, पण फसवणार नाही?”

“तसंच काहीसं.”

“मग राहू दे. एवढंच माझ्या हातात आहे.” आणि हळूच म्हणाल्या, “पाहुण्यांना मात्र अर्थ सांगू नका हं. ‘वेदनेविना’च समजू दे त्यांना.”

तर असं हे. त्या कोशाला आता जन्मात हात लावणार नाही. इकडे सगळे खुशाल. औषधं वेळेवर घे, भाऊजींवर कमी ओरड.

तुझा,
पाटीवाला

ता. क. कोशाला हात लावणार नाही, हे खरं नाही.

आणखी एक ता. क. तुला ‘लवकर बरी हो’ लॅटिनमध्ये लिहावं म्हणून शब्द शोधत होतो, तर एका गृहस्थाची पत्रं उघडली. त्याचा लेखनिक प्रवासात आजारी पडून मागे राहिलाय. हा पुढच्या मुक्कामांवरून त्याला लिहितोय, घाई करू नकोस, पूर्ण बरा हो, मगच निघ. मला दिवसाला दोन ओळी झेपतात, त्याही चुकतच असणार. तो बरा झाला की नाही, हे पुढचं पान उघडून बघायचा धीर होत नाही. तेव्हा रोज संध्याकाळी भाऊजींच्या फोनवर मी दोन ओळी म्हणून दाखवीन. उच्चारांबद्दल आधी शिव्या दे, मग अर्थ सांग. कालच्या ओळीत तो गृहस्थ उत्तराची वाट बघतोय. त्याच्या पुढचा शब्द मला लागत नाही.