छत्र्यांचं नळकांडं आणि नव्वदची तोफ

मी, खाली सही करणारी, वय छप्पन्न, धंदा ताडपत्री शिवण्याचा, शिक्षण चौथीपर्यंत, राहणार स्वतःच्या घरी, आज पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मला दडपणात ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. प्रकृती ठणठणीत आहे. पोटात गाठ होती, ती काढली, तपासली, साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, "आता निर्धास्त राहा." मी म्हटलं, त्याआधी एक कागद निस्तरायचा आहे.

तो कागद म्हणजे माझं पहिलं मृत्युपत्र. ऑपरेशनच्या आधी रागाच्या भरात केलं होतं. घर आणि दुकान विकून टाकावं, मुलाला आणि मुलीला फुटकी कवडी देऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. ते मृत्युपत्र मी या लेखाने संपूर्णपणे रद्द करते. वकीलबाईंनी नमुना दिला, त्यातली कायद्याची वाक्यं उतरवून घेतली आहेत. बाकीची माझी. त्या म्हणाल्या, कारणं लिहायची गरज नसते. मला आहे. उद्या कोणी म्हणायला नको की बाई आज एक बोलायची, उद्या दुसरंच.

कलम १. राग कशाचा होता

माझे यजमान गाड्यांच्या कारखान्यात वेल्डर होते. तिथे एकदा हलका रणगाडा बनवला. नमुना म्हणून दोनच नग. सैन्याने काही तो घेतला नाही, दोन्ही नग भंगारात गेले. ह्यांच्या तोंडून मात्र तो शेवटपर्यंत हलला नाही. "आधी शहात्तरची तोफ होती. मग आम्ही ती काढून नव्वदची चढवली. मैदानावर नेऊन उडवली, तर गाडी हातभर मागे!" हे माझ्या मुलांनी दुधाबरोबर प्यायलं आहे. शहात्तर आणि नव्वद म्हणजे तोफेचं तोंड किती मिलिमीटर रुंद, ते. एवढं मला येतं, कारण जेवताना दुसरं काही ऐकायला मिळालंच नाही.

ह्यांना फुगवून सांगायची खोड होती, तेही लिहिते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण इथे खरं लिहिणं भाग आहे. घरातली प्रत्येक वस्तू ह्यांच्या मते टँकची. हातोडी टँकची, सांडशी टँकची, दाराजवळचं छत्र्या ठेवायचं पितळी नळकांडं टँकचं. स्वयंपाकघरातली तिपाई म्हणे तोफवाल्याची बैठक. तिच्या बुडाला फर्निचरच्या दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती. त्यामुळे पुढे पुढे ह्यांच्या टँकवर घरात कोणी फारसा विश्वास ठेवत नसे. मुलगा सोडून.

मुलगा बसगाड्यांचा मेकॅनिक आहे. मुलगी शिकली आणि कंप्युटरवरच्या लढाईचा खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागली. तिचं काम असं, की जुन्या रणगाड्यांना खेळात खरी होती तीच तोफ द्यायची, खरा होता तोच गोळा द्यायचा, आणि तो गोळा किती जाड पत्रा फोडेल तेही खरंच ठेवायचं. कागद असेल तर द्यायचं, नसेल तर नाही. मुलगा तोच खेळ रोज खेळतो. एक दिवस ह्यांचा रणगाडा त्या खेळात आला. मुलगा धावत दुकानात आला, फोन माझ्या नाकाशी धरला. "आई, बघ, बाबांचा टँक! रंगसुद्धा तोच!" डोळ्यांत पाणी. मग त्याने तोफ पाहिली. शहात्तरची.

त्या दिवशी जेवताना जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

"टिचके, नव्वदची कुठे गेली?" लहानपणी टीचभर होती म्हणून तो तिला टिचकी म्हणतो.

"नव्वदचा पुरावा नाही, दादा. कागदात नुसतं 'विचार चालू आहे' एवढंच सापडतं."

"बाबांनी सांगितलं होतं."

"बाबांनी तिपाईपण सांगितली होती."

"म्हणजे बाबा खोटारडे?"

"मी तसं म्हटलं नाही. पुरावा नाही म्हटलं."

"लोक हसतात त्या टँकला. गोळा मारला की टणकन उडून परत येतो. पत्र्याचा डबा म्हणतात!"

"म्हणून खोटी तोफ लावू? उद्या प्रत्येकाचा बाप दारात येईल, माझीही मोठी करा म्हणून."

ती असं बोलायला नको होती आणि तो ताट सरकवून उठायला नको होता. पण दोघंही माझ्यावर गेली आहेत, नाकावर राग. त्या दिवसापासून बोलणं बंद. दोन वर्षं उलटून गेली. हा दुपारी यायचा, ती संध्याकाळी. मी दोनदा स्वयंपाक करायचा आणि मध्ये टपालखातं चालवायचं. "त्याला सांग गॅस बदलला." "तिला सांग माहीत आहे." आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कोणाला? दवाखान्यात मला आत नेताना मान वळवून पाहिलं, तर बाकाच्या एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये माझी पिशवी. तोंडं विरुद्ध भिंतींकडे. आई मरेल की राहील माहीत नाही, आणि या दोघांचं तोफेवरून अडलेलं! गाठीची मला तितकी भीती नव्हती. मी गेले तर ही दोघं परत एका खोलीत बसणार नाहीत, याची होती.

कलम २. राग कसा गेला

घरी सोडलं त्या दिवशी पाऊस होता. मुलाने मला गाडीतून आणलं. मुलगी आधीच येऊन घर उघडून, पाणी भरून बसली होती. आम्ही आत आलो. ती स्वयंपाकघरात गेली, म्हणजे ह्याचं तोंड बघायला नको. मी ओली छत्री नेहमीसारखी नळकांड्यात टाकली आणि पलंगावर पडले. मुलगा मागच्या अंगणात चुलीला लाकडं फोडतो म्हणून निघून गेला. माझ्याकडे गॅस आहे. लाकडं कशाला फोडत होता ते त्यालाच ठाऊक.

नळकांड्याच्या बुडाला भोक आहे. पाणी खालच्या थाळीत उतरतं. थाळी भरून फरशीवर ओघळ आला. माझ्या घरात दाराजवळची फरशी आजवर मी सोडून कोणी पुसलेली नाही. पण त्या दिवशी मला वाकायची बंदी, म्हणून मुलीने फडकं घेतलं, छत्र्या काढल्या, नळकांडं आडवं केलं आणि थाळी ओतायला निघाली. निघाली आणि थांबली. नळकांड्याच्या पेंदीकडे बघत राहिली. मग ओल्या फरशीवर फतकल मारून बसली आणि ओरडली,

"दादा!"

घर हादरलं. तो कुऱ्हाड टाकून धावत आला. त्याला वाटलं मी गेले. मी पलंगावरून म्हटलं, "मी आहे. तिकडे बघ."

"दादा, ही पुंगळी आहे," ती म्हणाली. "तोफेच्या गोळ्याची पुंगळी, दारू भरतात ती. पेंदीवर आकडे ठोकलेत. टेप आण!"

माझ्या शिवणाच्या टेपने दोघांनी तोंड मोजलं. परत मोजलं. डोक्यावर डोकं आपटलं तरी कोणी हलेना.

"नव्वद," तो म्हणाला.

"नव्वद," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. "मी चार ठिकाणचे जुने कागद उपसले रे. चार ठिकाणचे!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्याच्यात शाळेतून आल्यावर रोज छत्री कोंबली, ते कधी उलटं करून पाहिलं नाही. फरशी पुसायला शिकली असती तर दोन वर्षं वाचली असती.

पण इतक्यात संपलं तर ती माझी मुलं कसली! मुलाने छाती फुगवली. "म्हणजे बाबांनी नव्वदची उडवली, सिद्ध झालं."

"गोळा होता हे सिद्ध झालं. उडवला हे नाही. पेंदीच्या मध्ये दारू पेटवणारी टोपी असते, गोळा उडवला की तिच्यावर ठोक्याची खूण उमटते, ती दाखव." मग दोघांनी पेंदीचं मधलं भोक पाहिलं. मग हळूच माझ्याकडे पाहिलं. "आई, हे भोक कोणी पाडलं?"

"तुमच्या बापाने. मी सांगितलं म्हणून. पाणी साचून छत्र्यांच्या काड्या गंजत होत्या."

"आई! पुराव्यावर ड्रिल?"

"जिवंत टोपीवर ड्रिल कोण मारेल?" मुलगा म्हणाला. "म्हणजे उडवलेलीच होती."

"टोपी आधी काढून घेतली असेल. बाबा वेडे नव्हते. आतली काजळी बघू." तिने आत बोट फिरवलं. लख्ख. "आई, हे तू आतूनपण घासतेस?"

"दरवर्षी. पितळ आहे, काळं पडतं."

यावर दोघंही एकदमच माझ्यावर ओरडली. एका सुरात! मी इतकी हसले की टाके ओढले गेले आणि सिस्टरला फोन करावा लागला.

आता खेळात त्या रणगाड्याला दोन्ही तोफा आहेत. हवी ती लावा. नव्वदच्या पुढे बारीक अक्षरात "पुरावा: खाजगी संग्रह" असं लिहिलं आहे. खाजगी संग्रह म्हणजे माझ्या छत्र्या. आता दर रविवारी दोघं येतात, एकदमच येतात, आणि पुंगळीच्या पुढे जाड पत्रा फोडणारा गोळा होता की नुसता सरावाचा, यावर भांडतात. शेजारी तक्रार करतात. करू देत. मी एकदाच स्वयंपाक करते.

कलम ३. घर. घर मुलाला आणि मुलीला सारख्या हक्काने. भिंत घालू नये. एकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याने विकू नये. विचारायचं म्हणजे तोंडाने, फोनवर लिहून नव्हे.

कलम ४. दुकान. दुकान, जाड शिलाईचं मशीन, दोरी ओवायच्या रिंगा ठोकायचा साचा, मेणाचा दोरा आणि गिऱ्हाइकं, हे सगळं माझ्याकडे रिंगा ठोकणाऱ्या बाईला. माझ्या मुलांना सरळ टाका घालता येत नाही. माझी कात्रीही तिलाच. त्या कात्रीने कागद कापला तर मी जिथे असेन तिथून येईन.

कलम ५. बँकेतली शिल्लक असेल ती निम्मी निम्मी. दागिने फार नाहीत. मुलीला हवेत ते तिने घ्यावेत, उरलेले सुनेला, म्हणजे मुलाने लग्न केलं तर. रात्री टँक खेळणाऱ्याला कोण देतंय ते बघू.

कलम ६. दीर. हे गेले त्या दिवशी माझ्या दिरांनी चारचौघांत म्हटलं, "दादा काय, नुसता पत्रे जोडायचा. तोफेच्या जवळ कोण जाऊ देतंय?" तेव्हा घरात माणसं होती, मी ते मनात ठेवलं. आता दिरांना ती तिपाई द्यावी, चिठ्ठीसकट. तोफवाल्याची बैठक आहे असं सांगून द्यावी. बाकी त्यांच्यावर माझा राग नाही. थोडा आहे, पण तो मी बरोबर नेईन.

कलम ७. नणंद. "बाईच्या हातून ताडपत्रीचा धंदा व्हायचा नाही" असं म्हणाल्या होत्या. त्यांच्या गच्चीवर गेल्या दहा पावसाळ्यांपासून माझीच ताडपत्री आहे आणि थेंब गळत नाही. ती त्यांनी ठेवून घ्यावी. वर बघताना माझी आठवण काढावी.

कलम ८. नळकांडं. छत्र्यांचं पितळी नळकांडं दोघांच्या सामाईक मालकीचं. ते दाराजवळच राहील. कंपनीला, संग्रहालयाला किंवा दिरांना देऊ नये. त्यात छत्र्याच ठेवाव्यात. आतून घासायचं की नाही, ते दोघांनी भांडून ठरवावं.

आणि आता एक गोष्ट, जी मी त्यांना सांगितलेली नाही. मी गेल्यावर वाचतील. भोक पाडायच्या दिवशी ह्यांनी ड्रिल हातात घेतलं, नळकांडं उलटं केलं आणि मला हाक मारली. "ये, पेंदी बघून ठेव. नंतर कोणी विचारलं तर तू सांगशील." माझ्या हातात ट्रकवाल्याची ताडपत्री होती, संध्याकाळी द्यायची होती. मी म्हटलं, "बघायला वेळ नाही. पाडा भोक." ह्यांनी पाडलं.

बघितलं असतं तर टोपीवर ठोका होता की नाही, ते आज मला माहीत असतं. मग एकाला हो म्हणावं लागलं असतं, एकाला नाही, आणि रविवारी माझ्या टेबलावर एकच ताट लागलं असतं. म्हणून मुलांनो, मला माहीत नाही. तुम्हीच ठरवा. सावकाश ठरवा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, खोडाखोड माझीच आहे. सही मुलांच्या समोर केली नाही, कारण दोघं आतल्या खोलीत पत्र्याच्या जाडीवरून ओरडत आहेत आणि त्यांना मध्येच उठवायची माझी इच्छा नाही.

ठिकाण: राहते घर, दाराजवळचे टेबल
तारीख: ५ जुलै, रविवार

सही: ताडपत्रीवाली

आमच्या समक्ष सही केली. बाई शुद्धीवर होत्या, घाईतही होत्या.

साक्षीदार १: समोरचा औषध दुकानदार (सही)
साक्षीदार २: वॉर्डातली सिस्टर, जखम भरली का ते बघायला आले होते (सही)