‘रुग्ण सहकार्य करत नाही’ हा शेरा खोडून मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : पत्नीच्या केसपेपरवरील शेरा खोडून मिळण्याबाबत.
संदर्भ : माझा पहिला अर्ज, ‘असा नमुना उपलब्ध नाही’ म्हणून परत आलेला.

महोदय,

विनंतीपूर्वक कळवतो की, मी दारे-खिडक्या बसवणारा सुतार आहे. माझी पत्नी न्हाणीघरात घसरून पडली व तिचा खुबा मोडला. आपल्याकडे तीन स्क्रू घालून हाड जोडले व रोज चालवण्यास सांगितले. मी भिंतीला लाकडी कठडा ठोकला. रोज दहा फेऱ्या. झालेल्या फेऱ्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडत असे. ती मध्येच बसली की पुढे ‘नखरे’ असे लिहीत असे. तिला वाचता येते.

२. दुसऱ्या महिन्यापासून ती म्हणत होती, ‘अहो, आत काहीतरी घासतंय हो, खोटं नाही सांगत.’ मी ते कानाआड केले. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनाही नखरेच सांगितले. त्यांनी एक्स-रे न काढता वरील शेरा मारला.

३. चौथ्या महिन्यात एक्स-रे निघाला. एक स्क्रू खुब्याच्या गोळ्यातून आरपार बाहेर, दुसरा वाकलेला. गोळा काढून कृत्रिम सांधा बसवावा लागला. पोकळ लाकडात स्क्रू धरत नाही, हे मी चाळीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आलो. घरात मात्र अक्कल गहाण टाकली होती.

४. पहिल्या खिडकीवर म्हणतात, नोंद नातेवाइकाच्या सांगण्यावरून झाली, त्याच नातेवाइकाचा अर्ज हवा. तो मीच. दुसऱ्या खिडकीवर म्हणतात, खुबाच बदलला, आता जुन्या खुब्याचा शेरा खोडून काय करणार?

५. महोदय, ती आता नव्या सांध्यावर चालते आणि दुखते का विचारले की ‘नाही’ म्हणते. ओठ दाताखाली, कपाळावर घाम, तरी ‘नाही’. व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणतात, ही बोललीच नाही तर आत काही बिघडलंय हे आम्हाला कळणार कसं? मी हातापाया पडलो, रडलो. ती म्हणाली, ‘एकदा कागदावर लिहिलंय ना. परत कशाला सांगायचं?’ माझ्या शब्दावर तिचा विश्वास उरलेला नाही. आपल्या शिक्क्यावर अजून आहे.

तरी त्या शेऱ्यावर रेघ मारून, ‘रुग्णाने सांगितलेले खरे होते’ एवढे शिक्क्यानिशी लिहून द्यावे. ती स्वतः वाचेल.

आपला नम्र व चुकलेला,
(सही)
रुग्णाचा नवरा

दिनांक : १४ मार्च

सोबत :
१. चौथ्या महिन्याचा एक्स-रे.
२. काढलेला वाकडा स्क्रू, एक नग.
३. दाराच्या चौकटीची कापलेली पट्टी, पेन्सिलीच्या खुणांसह. मूळ प्रत. परत नको.